खेळण्यांच्या पेटीतील डोंगर-किल्ले

कोणतेही साधन महाग झाले की ते मोजक्या लोकांचे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात कुलूपबंद राहिलेली उपकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. उपकरण फुटेल या भीतीने ते मुलांच्या हाती दिले जात नाही. आणि हाती न दिल्यामुळे त्याचा शिक्षणाशी असलेला संबंधच तुटतो. हीच गत अलीकडे एका खेळाची होऊ पाहत आहे. हा खेळ मुळात कल्पकतेचा, मोजमापाचा आणि संभाषणाचा. परंतु तो मांडावयाचा तर खर्चिक, तयार सामग्री हवीच, असा समज मुलांत आणि पालकांतही आढळतो. हा समज निराधार आहे आणि तो दूर करण्याचे काम शाळांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी अंगावर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम खेळाचा परिचय करून देणे उचित होईल. ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्याला आपण भूमिकांचा खेळ म्हणू. चार-पाच खेळाडू एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी वाटाड्या. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो: समोर पडका किल्ला आहे, पुलाच्या दोन फळ्या निखळल्या आहेत, दिवस मावळत आला आहे. आता आपण काय करणार, हे खेळाडूंनी सांगावयाचे. आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांनी लावावयाचा. पुष्कळसा खेळ बोलण्यातच चालतो. मात्र कोण कोठे उभा आहे, कोणाला कोण दिसते, पुलापर्यंत किती अंतर आहे, असे प्रश्न निघाले म्हणजे मेजावर लहान लहान बाहुल्या मांडतात आणि त्यांच्याभोवती टेकड्या, भिंती, झाडे व पूल यांच्या प्रतिकृती रचतात. या रचनेला खेळाडू टेरेन म्हणतात. आपण तिला खेळभूमी म्हणू या.

तयार खेळभूमी आज बाजारात मिळते. साच्यातून काढलेले बुरूज, दगडन् दगड कोरलेल्या भिंती, त्रिमिती छपाईच्या यंत्रातून उतरलेली घरे, हे सारे दिसावयास मनोहर असते यात शंका नाही. ज्यांना ते परवडते त्यांनी ते घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती एवढीच, की अशी सामग्री पाहून एखाद्या मुलाच्या मनात आपण हा खेळ खेळूच शकणार नाही ही भावना उत्पन्न व्हावी. खेळाचा इतिहास पाहिला तर या भावनेस तिळमात्र आधार नाही.

या खेळाचे पूर्वज लष्करी आहेत. प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ट फॉन राइसवित्स या सरदाराने युद्धातील डावपेचांचा एक खेळ रचला. त्याची पहिली खेळभूमी वाळूची होती. परंतु खेळ राजापुढे मांडावयाचा असे ठरताच वाळू राजास शोभणार नाही असे त्याला वाटले. १८१२ मध्ये त्याने राजा तिसरा फ्रीडरिश व्हिल्हेल्म यास जे नजर केले, ते एक भव्य, खणांचे मेज होते. त्यात नद्या, रस्ते, गावे रंगविलेल्या प्लास्टरच्या चौकोनी फरशा होत्या आणि त्या हव्या तशा जुळवून निरनिराळे प्रदेश उभे करता येत. मेज राजवाड्यात राहिले आणि राजकुटुंबाने ते हौसेने वापरलेही. पण असे मेज पलटणीपलटणीत देणे कोणास शक्य होते? १८२४ मध्ये सरदाराच्या मुलाने या खेळाची सुधारलेली नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात प्लास्टरच्या फरशांची जागा १ : ८००० या प्रमाणाच्या कागदी नकाशाने घेतली होती. नकाशा कोठेही नेता येत होता. प्रशियाच्या सैन्यात हा खेळ रुजला तो या दुसऱ्या, स्वस्त रूपात. खेळभूमी साधी झाली तेव्हाच खेळ पसरला, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

दुसरा धडा इंग्लंडातील आहे. विज्ञानकथांमुळे आपल्या वाचकांना परिचित असलेले एच. जी. वेल्स यांनी १९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' ही दोन छोटी पुस्तके लिहिली. जमिनीवर बसून, घरातल्या खेळण्यांनी खेळावयाच्या खेळांविषयी ती आहेत. कथिलाचे शिपाई, मुलांचे लाकडी ठोकळे, फळ्या, पुठ्ठ्याची घरे, झाडांच्या डहाळ्या, आणि टेकड्यांची उणीव पडली तर विश्वकोशाचे जाड खंड, अशी त्यांची खेळभूमी होती. शिपायांच्या हालचालींना मात्र त्यांनी काटेकोर माप घालून दिले: पायदळाने एका पाळीत एक फूट जावे, घोडदळाने दोन फूट. सामग्री ओबडधोबड, माप नेमके, असा हा मेळ होता. खेळाचे चैतन्य मापात असते, सामग्रीच्या झगमगाटात नसते, हे वेल्स यांनी ओळखले होते.

तिसरा धडा अमेरिकेतील आहे. भूमिकांचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या हजार प्रती होत्या. या खेळात ज्या विचित्र प्राण्यांशी खेळाडूंची गाठ पडते, त्यांतील काही कोठून आले हे पाहण्यासारखे आहे. गायगॅक्स यांनी किरकोळ मालाच्या दुकानातून हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी आणली होती. पिशवीवर 'प्रागैतिहासिक प्राणी' असे छापले होते, पण आतील आकृती पृथ्वीवरील कोणत्याही युगातील प्राण्याशी जुळत नव्हत्या. त्या मेजावर आल्या, त्यांना नावे व गुण मिळाले, आणि लोखंडाचा गंज करून टाकणारा प्राणी, घुबडाच्या तोंडाचे अस्वल अशी त्यांची नोंद १९७५ पासून नियमपुस्तकांत झाली. आरंभीच्या काळातील चार, सहा, आठ, बारा व वीस बाजूंचे फासे तर शाळांना गणिताची साधने पुरविणाऱ्या एका अमेरिकन संस्थेच्या मालातून आले होते. भूमितीत ज्यांना पाच नियमित घन म्हणतात तेच हे पाच आकार. म्हणजे ज्या खेळाची सामग्री आपल्याला परवडणार नाही असे आपण समजतो, तो स्वस्त खेळणी आणि शाळेची साधने यांच्यापासूनच उभा राहिला. आपण घरातील जुनी खेळणी मेजावर मांडतो तेव्हा मूळच्याच रीतीने वागत असतो.

आता मापाकडे वळू. या खेळाच्या प्रचलित नियमांत मेजावरील एक इंच म्हणजे पाच फूट असे धरतात. पाच फूट म्हणजे साठ इंच; म्हणून खेळभूमीचे प्रमाण १ : ६० ठरते. बाहुल्या बहुधा २८ मिलिमीटरच्या असतात. २८ ला ६० ने गुणले की १६८० मिलिमीटर, म्हणजे १ मीटर ६८ सेंटिमीटर, ही सामान्य माणसाची उंची मिळते. एवढे एक सूत्र हाती आले की घरातील प्रत्येक वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलते. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची काडेपेटी उभी केली तर ती तीन मीटर उंचीची चौकी होते. जोडावयाच्या प्लास्टिकच्या विटांत लेगोची वीट ९.६ मिलिमीटर उंच असते. अशा पाच विटांची भिंत खेळात २ मीटर ८८ सेंटिमीटरची, म्हणजे माणसाला सहज ओलांडता न येणारी होते. सात सेंटिमीटरची खेळण्यातील मोटार ४ मीटर २० सेंटिमीटरची भरते. आधुनिक काळातील कथा असेल तर ती जशीच्या तशी चालेल. पण खेळण्यातील आगगाडीचे घर आणले तर? अशा गाड्यांचे एक रूढ प्रमाण १ : ८७ असते. त्या घराचे दोन मीटरचे दार प्रत्यक्षात २३ मिलिमीटरचे असणार. आपली २८ मिलिमीटरची बाहुली त्यातून वाकल्याशिवाय आत जाणार नाही. का जमत नाही हे मुलाने स्वतः मोजून काढले, की गुणोत्तराचा पाठ त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.

हात तुटलेली, साडेअकरा इंचाची बाहुली पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेली असते. तिची उंची सुमारे २९ सेंटिमीटर. तिला ६० ने गुणले की साडेसतरा मीटर होतात. उंचीची कल्पना यावी म्हणून सांगतो, की श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची मूर्ती जवळजवळ एवढीच, सुमारे ५७ फूट उंच आहे. तेव्हा राखी रंग दिलेली ही बाहुली खेळभूमीवर एखाद्या विस्मृत नगरीचा महापुतळा म्हणून शोभेल. तो पुतळा चालू लागला असे सूत्रधाराने सांगितले, तर चौकस मुलाने विचारावे: एवढ्या मोठ्या देहाला त्याचे पाय पेलतील काय? उंची दहापट झाली तर वजन हजारपट होते, पण हाडाचा छेद शंभरपटच वाढतो. मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, याचा विचार गॅलिलिओने १६३८ मध्ये केला होता. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मधील एका निबंधात साठ फुटी राक्षसाचे हेच गणित मांडून, पहिल्याच पावलाला त्याची मांडी मोडेल असे दाखविले. खेळात राक्षस चालला तरी चालेल. पण तो निसर्गात का चालत नाही हे ठाऊक असण्याने खेळाची गोडी वाढतेच.

येथे भाषांतरकार या नात्याने एक गोष्ट सांगावीशी वाटते. परदेशी हस्तकलेच्या पुस्तकांत साहित्याच्या ज्या याद्या असतात त्यांचे शब्दशः भाषांतर केले, तर वाक्य शुद्ध होते पण वाचकाचे काम अडते. यादीतील वस्तू त्याच्या गावी मिळत नाही. अशा वेळी ती वस्तू तेथे कशासाठी योजिली आहे, हे भाषांतरकाराने विचारले पाहिजे. ती हलकी हवी आहे, की ताठ, की कापावयास मऊ? उत्तर सापडले की वस्तूही सापडते. युनेस्कोने १९५६ मध्ये शास्त्रशिक्षकांसाठी साध्या साहित्यातून उपकरणे बनविण्याचे जे पुस्तक काढले, त्याची दृष्टी हीच होती. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम याच वाटेने गेला; आणि त्या कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी व खेळण्यांतून विज्ञान ही परंपरा पुण्यापर्यंत आणून देशभर पोचविली.

खेळभूमीलाही हीच कसोटी लावावी. तिच्याकडून खेळाला तीनच गोष्टी हव्या असतात: तिने दृष्टी अडवावी, वाट अडवावी किंवा उंची द्यावी. लाकडी ठोकळा दृष्टी अडवितो. जुन्या रंगीत मण्यांची पसरलेली माळ ओढा होऊन वाट अडविते. उपडा घातलेला भातुकलीतील टोप उंची देतो. अंड्यांच्या कागदी लगद्याच्या तबकाचे फाडलेले तुकडे एकावर एक चिकटविले की त्यांच्या खडबडीत पृष्ठभागामुळे दगडी बांधकामाचा भास होतो. इतके झाले की खेळ सुरू करता येतो. रंगकाम नंतर, सवडीने करावे.

रंगकामातही विज्ञान आहे. मऊ प्लास्टिकची खेळणी पुष्कळदा पॉलिएथिलीनची असतात. या द्रव्याच्या पृष्ठभागाची ओल धरण्याची शक्ती अल्प असल्याने त्यावर पाण्यातला रंग थेंबाथेंबाने गोळा होतो आणि वाळल्यावर सोलून निघतो. म्हणून खेळणे साबणाने धुवावे आणि पांढऱ्या गोंदात भिजविलेले कागदाचे कपटे त्याच्या सर्व बाजूंनी लपेटावे. कागद खेळण्याला घट्ट वेढून बसतो आणि रंगही धरतो. मग सर्वत्र गडद रंग द्यावा. तो वाळल्यावर कुंचला फिकट रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि हलकेच फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचा काळ्याच राहतात. एवढ्या लहान वस्तूवर नैसर्गिक सावल्या पुरेशा ठसठशीत पडत नाहीत. त्या अशा प्रकारे रंगानेच दाखवाव्या लागतात.

काही सावधगिरी आवश्यक आहे. थर्माकोलवर फवाऱ्याचा तैलरंग मारू नये. त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळतो. तापलेल्या तारेने थर्माकोल कापण्याचे काम मुलांना देऊ नये, कारण त्यातून निघणारी वाफ अपायकारक असते. फार जुन्या रंगीत खेळण्यांचा रंग घासून काढू नये. भारतात रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले; त्यापूर्वीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा देता येत नाही, आणि घासल्याने निघणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाते. ग्रंथालयांनी आणखी एक पथ्य पाळावे: पिठाची खळ वापरू नये. खळीच्या वासाने झुरळे आणि कसर येतात, आणि ती खेळभूमीवरून पुस्तकांकडे वळावयास वेळ लागत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे वाचताना दिवाळीतील किल्ल्याची आठवण झाली असेल. दगड, माती आणि गोणपाट यांचा डोंगर रचावयाचा, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवावयाची आणि मातीचे मावळे मांडावयाचे, हा आपल्या मुलांचा जुना परिपाठ आहे. खेळभूमी रचण्याचे हात आपल्याकडे तयारच आहेत. त्या किल्ल्यात उणीव आहे ती प्रमाणाची: मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि तोफेपेक्षा वाघ मोठा. शिवाय किल्ला पुरा झाला की खेळ संपतो. तेथून पुढे पाहणेच उरते. भूमिकांच्या खेळात रचना पुरी झाली की खेळाला आरंभ होतो. किल्ल्याची हौस आणि या खेळाचे माप यांची जोड घालता आली, तर त्यात दोघांचेही भले आहे.

या मतावर काही आक्षेप येतील. हा वेळेचा अपव्यय आहे असे कोणी म्हणेल. ज्या खेळात मूल मोजते, गुणते, फाशांच्या संभाव्यतेचा अंदाज घेते आणि आपले म्हणणे चारचौघांत नेटकेपणाने मांडते, त्याला अपव्यय म्हणणे मला तरी जड जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यात हिंसेचे कौतुक होत नाही काय? याचा विचार वेल्स यांनाही करावा लागला. 'लिटल वॉर्स'च्या शेवटी त्यांनी मेजावरचे युद्ध खऱ्या युद्धाहून किती बरे, हे आवर्जून सांगितले. पुढल्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. शिवाय भूमिकांच्या खेळाला लढाई अपरिहार्य नाही. पुराने वेढलेल्या गावाला औषधे पोचविणे, दरड कोसळलेल्या घाटातून वाट काढणे, जंगलात हरवलेल्या माणसाचा शोध घेणे, यांतही तोच थरार आहे आणि तेच ठोकळे त्यास पुरतात.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. घरगुती खेळभूमी ओबडधोबड दिसते, हे खरे आहे. परंतु तयार बुरुजाला मूल हात लावताना कचरते. स्वतः रचलेला बुरूज ते मोडते, पुन्हा बांधते आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच पूल करते. शिक्षणाच्या दृष्टीने यांतील कोणता बुरूज अधिक मोलाचा, याचे उत्तर शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सामग्री विकत आणावयाची असली की मेज तिच्या मालकाचे होते. कोणाला खेळावयास घ्यावे हे तोच ठरवितो. सामग्री सर्वांच्या घरून आलेली असली की मेज सर्वांचे होते. एकाने तुटकी मोटार आणावी, दुसरीने काडेपेट्या, तिसऱ्याने नुसत्या वाळलेल्या डहाळ्या. १ : ६० या प्रमाणापुढे तिघेही समान. ज्या संस्था सर्वांसाठी खुल्या आहेत, त्या शाळा आणि ग्रंथालये हेच या खेळाचे योग्य स्थान होय, असे मी म्हणतो ते एवढ्याच कारणाने.

आरंभास फार काही लागत नाही. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात रिकामे खोके ठेवावे आणि मोडकी खेळणी फेकून न देता येथे द्यावी, अशी सूचना लावावी. जुन्या दिनदर्शिकेच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर मुलांकडून एकेका इंचाचे चौकोन आखून घ्यावे. एक मोजपट्टी, एक गोंदाची बाटली आणि दोन फासे ठेवावे. शनिवारी दुपारी पाच मुलांना बसवावे आणि त्यांतल्या एकाला सूत्रधार करावे. खोक्यातील पहिली वस्तू बाहेर काढून ती प्रत्यक्षात किती उंच असेल, एवढा एकच प्रश्न शिक्षकांनी विचारावा आणि मग बाजूला व्हावे.